अकरा तारखेनंतर बघू

४ जुलै १९९९, रविवार

सकाळी आईला घेऊन लखनौच्या महानगर भागात, डोळ्यांच्या डॉ. निगमांकडे. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय. डावा डोळा नागपूरच्या ऑपरेशनमध्येच गेला होता, आत पू झाला होता. म्हणजे जे काही आहे ते या एकाच डोळ्यावर. डॉ. म्हणाले, "माताजी का अगले हफ़्ते कर देते हैं." मी म्हटलं, जरा ऑफिसचं बघून सांगतो. ऑफिसात नेमकं काय बघायचं होतं, देव जाणे.

रिक्षात आईनं विचारलं, "कधी म्हणाले?" म्हटलं, ऑगस्टमध्ये बघू, अकरा तारखेनंतर. तोंडातून निघून गेलं. रिक्षावाल्यानं मान वळवली. "ग्यारह के बाद कौन बचेगा बाबूजी, उस दिन तो सब ख़तम है." आणि निशातगंजच्या पुलाखालचा खड्डा मात्र व्यवस्थित चुकवला.

७ जुलै, बुध

अकरा ऑगस्टला सूर्यग्रहण, आणि त्याच दिवशी जगाचा शेवट. पेपरात रोज रकाना. कुणा जुन्या फ्रेंच ज्योतिषानं लिहून ठेवलंय म्हणे. आमच्या बँकेच्या हिंदी कक्षातले शुक्लाजी रकाना मोठ्यानं वाचतात आणि वर "बकवास है साहब" म्हणतात. मग मुलीच्या रोक्याची, म्हणजे आपल्याकडच्या साखरपुड्याची, तारीख पंधरा ऑगस्टच्या पुढे ढकलतात. कॅशियरनं स्कूटर घ्यायची ठरवली आहे, ११ नंतर. झोनल मॅनेजर ऑफिसला रंग काढणार आहेत, ११ नंतर. मानत कुणीच नाही. फक्त सगळ्यांची कामं ११ नंतर.

हे.ऑ.चं, म्हणजे हेड ऑफिसचं, इंग्रजी परिपत्रक आलंय. २००० साली कॉम्प्युटर बंद पडणार या अफवेवर ग्राहकांना धीर द्या, असं. त्यात 'डूम्सडे प्रेडिक्शन्स' असा शब्द. हिंदी मी करायचं. वर्ध्याचा माणूस लखनौवाल्यांना हिंदी शिकवतो, हा विनोद शुक्लाजींनी आजही केला. मी आजही हसलो.

१० जुलै, शनि

अर्धा दिवस. लायब्ररीत जाडा कोश काढला. 'डूम' म्हणजे मुळात नाश नव्हेच. जुन्या इंग्रजीत डूम म्हणजे कायदा, दिलेला निवाडा. घालून दिलेली गोष्ट. डूम्सडे म्हणजे निकालाचा दिवस, एवढंच. आणखी खाली गेलं तर मूळ आपल्या संस्कृत 'धा' धातूच्या घरात निघतं, ठेवणे, स्थापणे. म्हणजे आपलं 'धाम' हे त्याचं चुलत भावंड! खुर्चीतच बसून हसलो. चारधाम करून येणाऱ्या शुक्लाजींना सांगायला हवं.

मग आपला 'प्रलय'. 'ली' धातू, विरघळणे. मीठ पाण्यात जातं तसं. त्यातही मोडतोड, आरडाओरडा काही नाही. एकंदरीत शब्द शांत आहेत, माणसंच घाबरट.

घरी येऊन सु.ला हे सगळं सांगितलं. तिनं भाजी चिरता चिरता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "डॉक्टरांना फोन केलात?"

नाही केला.

१३ जुलै, मंगळ

दुपारी लवकर घरी आलो. आई आणि खालच्या मजल्यावरच्या रिज़वी आपा गॅलरीत. आपा शाळेतून रिटायर झाल्या तेव्हापासून रोज दुपारी वर येतात. गेल्या थंडीपासून आईला उर्दू अक्षरं शिकवतात. आईचंच खूळ. म्हणे, "गावभर पाट्या लावून ठेवल्यात, काय लिहिलंय ते कळायला नको?" चौऱ्याहत्तराव्या वर्षी पाटी-पेन्सिल. थंडीत दुकानांची नावं वाचायला लागली होती. निशातगंजच्या बाजारात उभं राहून एका शिंप्याची पाटी तिनं मोठ्यानं वाचली, तर तो शिवण सोडून बाहेर आला होता.

आज पाटी मांडीवर, पण कोरी. आपांना सांगत होती, "आपा, अब मेरे को टिपके नहीं दिखते." बे, पे, ते, तिन्ही अक्षरांचा आकार एकच. टिंबं किती आणि कुठे, त्यावरच ओळख. टिंबं गेली की सगळं एकसारखं. आपा म्हणाल्या, "कोई बात नहीं बहनजी, आँख बन जाए, फिर वहीं से शुरू करेंगे."

मग दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी चहा टाकायला आत गेलो. चहा मला धड येत नाही.

१८ जुलै, रवि

टीव्हीवर कारगिलच्या बातम्या, मधेच ग्रहणावर एक बाबाजी. सगळी पृथ्वी पाण्याखाली जाणार, म्हणाले. सु. कपड्यांच्या घड्या घालत होती. "म्हणजे जगबुडी ना? आमच्या खेडला दर पावसाळ्यात येते." तिच्या माहेरच्या नदीचं नावच जगबुडी. "पूल बुडतो, बाजारात पाणी शिरतं, दुकानदार माल माळ्यावर चढवतात. पाणी उतरलं की झाडू घेऊन परत खाली. त्यात काय एवढं?"

मीनू खूप हसली. तिला मराठी कळतं सगळं, उत्तर हिंदीत. "मम्मी, ये तो न्यूज़ चैनल को बताओ."

मीनू कॉलेजच्या मैत्रिणीकडे गेल्यावर सु. जवळ येऊन बसली. "अहो, एक विचारू? तुम्ही ते भविष्य मानता का?" म्हटलं, वेडी आहेस का. "मग अकरा तारखेनंतर का?" म्हटलं, दिल्लीहून पाहणी समिती येतेय, त्याआधी हिंदीतल्या पत्रव्यवहाराचं सगळं काम... ती ऐकत राहिली. समिती नोव्हेंबरात येतेय हे तिला माहीत आहे.

खरं इथे तरी लिहू. मला भीती वाटते. डावा गेला तसा हाही गेला तर? आज ती स्वतः न्हाते, भाजी निवडते, जिन्यावरून एकटी खाली जाते. धूसर का होईना, दिसतंय. ते माझ्या एका सहीनं जायचं. जोवर ऑपरेशन नाही तोवर डोळा आहे. ऑफिसात मी हेच करत आलो. फाइलवर 'विचाराधीन' लिहिलं की ती मरत नाही.

२४ जुलै, शनि

पहाटेपासून आईचा डोळा ठणकतोय. लाल. डोकं दुखतंय, दोनदा उलटी. रिक्षा नाही, शेजारच्यांच्या मारुतीतून डॉ. निगमांकडे.

डॉ.नी तपासलं. आवाज चढवला नाही, पण हसलेही नाहीत. मोतीबिंदू फुगलाय, डोळ्यातला दाब वाढलाय. थेंब दिले, गोळ्या दिल्या, दाब उतरेल. पण हे असं पुन्हा झालं तर आतली नस जाईल, मग कुणी काही करू शकणार नाही. "वर्मा... नहीं, आपका नाम? हाँ, देशपांडेजी. आपने उसी हफ़्ते करा लिया होता." 

डोळा निवायला दोनेक आठवडे. मग लगेच. डॉ.नी डायरी चाळली आणि हसले. ऑगस्टची पाच ते दहा भरलेली. अकरा कोरी. "ग्रहण है न. उस दिन कोई मरीज़ नहीं आता. मैं और सिस्टर बैठ के कैरम खेलेंगे."

मी म्हणणार होतो, मग बाराला करू. त्याआधी आईच बोलली. खुर्चीत डोळा मिटून बसलेली, मला वाटलं होतं ऐकत नाहीये.

"डॉक्टरसाहब, उस दिन मेरा करो."

"ग्रहणाच्या दिवशी?" असं कोण ओरडलं? मी. वेध, सूतक, दर्भ यांना मॅट्रिकपासून नावं ठेवणारा मी. डॉ.नी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. आणि ११ च्या पानावर तिचं नाव लिहिलं.

२६ जुलै, सोम

नागपूरहून अण्णाचा फोन. अण्णा थोरला, त्याला सगळं आधी कळतं. "ग्रहणात ऑपरेशन? अरे, ग्रहणात कुणी भाजीसुद्धा चिरत नाही, आणि तू आईचा डोळा चिरणार? आधीचा गेला तेवढा पुरे नाही झाला?" मी काही बोलायच्या आत आईनं हात पुढे केला. फोन घेतला. तिचं एवढंच ऐकू आलं: "अण्णा, डोळा माझा आहे." आणि खाली ठेवला. एसटीडीचा इतका छोटा कॉल आमच्या घरात झाला नसेल.

मीनू दारात उभी होती. "आजी ने बोल दिया, तो बस." मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात, "पापा, आप डर रहे हो ना?"

म्हटलं, अभ्यास कर.

२९ जुलै, गुरु

डोळा निवळतोय. आज आईजवळ बसलो. शेवटी विचारलं. म्हटलं, आई, तू जन्मभर ग्रहण पाळलंस. आम्ही गर्भात असताना तू कात्रीला हात लावला नाहीस, हे आम्हाला आत्या सांगायची. मग आता हे काय?

 तिनं पदरानं गाल पुसला.

"अष्टग्रही आठवते का तुला?"

आठवते की. बासष्ट साल, फेब्रुवारी. आठ ग्रह एका राशीत येणार, जग बुडणार. वर्ध्यात चौकाचौकात यज्ञ. शाळेला सुट्टी. आमच्या अंगणात आजोबांनी जप मांडला होता, रोज शिऱ्याचा प्रसाद. मी सोळा वर्षांचा. मस्त दिवस होते, म्हणालो.

"तू शिरा खात होतास," आई म्हणाली. "मी मॅट्रिकला बसणार होते. बाहेरून. तुझ्या वडिलांनी हो म्हटलं होतं. तुझ्याच पुस्तकांवर केला होता अभ्यास, तू झोपलास की. नाव घालायला नागपूरला जायचं होतं. मामंजी म्हणाले, या दिवसांत कुणी उंबरा ओलांडायचा नाही. अष्टग्रही जाऊ दे, मग बघू. अष्टग्रही गेली. नाव घालायची मुदतही गेली. पुढच्या वर्षी बस, म्हणाले. पुढच्या वर्षी सासूबाई अंथरुणाला खिळल्या. त्याच्या पुढच्या वर्षी तुझं कॉलेज." पदर खांद्यावर सारखा केला. "जगाला काही झालं नाही रे. माझं तेवढं राहून गेलं."

मला हे माहीतच नव्हतं. माझी पुस्तकं. सकाळी कधी कधी उलटी ठेवलेली असायची, मी धाकट्या बहिणीवर ओरडायचो.

"ग्रहणाला मी नाही म्हणत नाही," ती म्हणाली. "पण 'जाऊ दे, मग बघू' हे माझ्याच्यानं आता होत नाही."

मला फार वाईट वाटलं. उठून बाहेर गेलो, मोरीत तोंड धुतलं. परत आलो तर ती म्हणाली, थेंबांची वेळ झाली.

३ ऑगस्ट, मंगळ

परिपत्रकाचा अनुवाद दिला. 'डूम्सडे'ला 'निर्णय का दिन' लिहिलं, धातूपासून सगळं पटवून. साहेबांनी वाचलं. "मिस्टर देशपांडे, ग्राहक समझेगा कि बैंक उस दिन कोई निर्णय लेने वाला है. पैसा निकाल लेगा." खोडून 'प्रलय' केलं. शुक्लाजी म्हणाले, "साहब, प्रलय ही ठीक है, पब्लिक को आदत है." सोडून दिलं. या महिन्यात मला शब्दांवर भांडायचं नाही.

ऑफिसात मात्र आईची तारीख कळली आहे. शुक्लाजींनी टेबलाशी येऊन आवाज खाली आणला. "भाईसाहब, बारह को करा लीजिए. एक दिन की तो बात है." किती सोपं वाटतं ऐकायला. एक दिन की तो बात है. मीच हे महिनाभर म्हणत होतो.

८ ऑगस्ट, रवि

दुपारी रिज़वी आपा आल्या. त्यांना विचारलं, आपा, कयामत म्हणजे मुळात काय? त्या शिकवायच्या सुरातच गेल्या. "क़याम से है बेटा. क़याम यानी खड़े होना. नमाज़ में जब खड़े होते हैं, वो भी क़याम. कहीं ठहर जाएँ, वो भी क़याम. क़यामत वो दिन, जब सब उठ खड़े होंगे."

उभं राहणं! एकाकडे निकाल, एकाकडे विरघळणं, एकाकडे पाणी, आणि इथे उभं राहणं. एका भीतीला चार घरं. मी खुशीत येऊन आणखी काही विचारणार, तर आईनं मधेच, "आपा, आप ग्यारह को डरोगे क्या?"

"डरूँगी क्यों नहीं," आपा म्हणाल्या. "गहन की नमाज़ होती है हमारे यहाँ, वो पढ़ूँगी. उसी में आपकी आँख के लिए भी कह दूँगी. अलग से कौन उठे-बैठे, घुटने दुखते हैं."

दोघी हसत बसल्या. मला ते हसणं बरं वाटलं.

१० ऑगस्ट, मंगळ

उद्या दिव्याची अवस. आई दरवर्षी घरातले सगळे दिवे घासून पाटावर मांडते. इथल्या लोकांचा सावन कधीच सुरू झाला, आमचा आषाढ उद्या संपणार, त्यामुळे शेजारपाजारी कुणाला याचं काही नसतं. या वर्षी सु. म्हणाली, मी घासते. आई ऐकेना. मोरीजवळ पाट घेऊन बसली, चिंच आणि राख. बघायची गरजच नाही, बोटांनी काजळी शोधत होती. समई, निरांजनं, लामणदिवा, आणि मीनूनं शाळेत असताना केलेली मातीची वेडीवाकडी पणतीसुद्धा.

उद्याचं जेवण? वेध पहाटेपासून, आजारी माणसाला सूट असते, सु.नं सांगून पाहिलं. आई म्हणाली, "डॉक्टर म्हणतात सकाळपासून खाऊ नका. शास्त्र म्हणतं सकाळपासून खाऊ नका. एकदा तरी दोघांचं जमलंय, तर तू मधे बोलू नकोस."

मी ऑपरेशनच्या संमतीच्या कागदावर सही केली.  सु.नं बघितलं, पेन परत खिशाला लावून दिलं.

११ ऑगस्ट, बुध

ऑफिस रिकामं. रजा टाकून घरी. सकाळी आईनं दिव्यांना हळद-कुंकू वाहिलं, कणकेचे दिवे सु.नं उकडून झाकून ठेवले, त्यावर तुळशीचं पान. ग्रहण सुटल्यावर खायचे.

दुपारनंतर निघालो. निशातगंजात अर्धी शटर बंद. भाजीवाले नाहीत, पानवाला नाही. एरवी जिथून रिक्षा निघत नाही तिथे गाय आडवी पडलेली. आकाश ढगाळ, सूर्य नीट दिसतच नव्हता, त्यामुळे ग्रहण लागलं कधी तेही कळलं नाही. फक्त उजेड जरा मळकट झाला. घरांतून शंख, कुठे घंटा. लांब कुठेतरी मशिदीतून आवाज.

डॉ. तयार होते. सिस्टर केरळची. म्हणाली, "अम्मा, डरना नहीं." आई म्हणाली, "तू डर मत." आत जाताना तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं आधारासाठी. तिनं खांदा दाबला आणि काढून घेतला.

बाकावर मी, सु., मीनू. मीनूनं माझा हात धरून ठेवला, लहान होती तेव्हा धरायची तसा. मधेच वीज गेली. लखनौत वीज जाते, त्यात नवल नाही, पण आत्ता? आत डोळा उघडा असेल. मी उठलो. दाराशी गेलो. उघडायचं धैर्य नाही, परत यायचंही नाही. जगाचं काय व्हायचं ते होवो, मला फक्त त्या खोलीतला दिवा हवा होता. जनरेटर खोकला, पुन्हा खोकला, सुरू झाला. आतून आईचा आवाज, अगदी घरच्यासारखा: "डॉक्टरसाहब, पंखा भी चालू हो गया क्या?"

सु. रडायला लागली. मग मीही.

डॉ. बाहेर आले. "लेंस बैठ गया है. बाक़ी कल पट्टी खोल के." नस किती वाचली आहे, ते त्याशिवाय सांगता येणार नाही.

घरी आलो तर ग्रहण सुटलं होतं. आईला मऊ भात. कणकेचे दिवे तूप घालून आम्ही खाल्ले. खाली आपांच्या दारात जाऊन सांगून आलो. त्या अजून नमाजाच्या जानमाजवरच होत्या.

१२ ऑगस्ट, गुरु

जग आहे. पेपर आला, दूधवाला आला, दुधात पाणीही होतं तेवढंच. शुक्लाजींचा सकाळीच फोन: "माताजी कैसी हैं?" आणि मग, मुलीच्या रोक्याला यायचं आमंत्रण.

दवाखान्यात पट्टी सोडली. डॉ.नी टॉर्च मारली, बराच वेळ बघितलं. टाके चांगले, आत सफाई चांगली. नजर किती आली ते सूज उतरल्याशिवाय कळणार नाही, आठवडा, दोन आठवडे. कुणाला पूर्ण येते, कुणाला नाही. बोटं दाखवली, "माताजी, कितनी हैं?" आई म्हणाली, "घर जाके बताती हूँ." डॉ. हसले, पण मला नाही हसू आलं.

संध्याकाळी तिला काळा चष्मा लावून गॅलरीत बसवलं. खाली बाजार पुन्हा भरलेला, सगळ्यांना दोन दिवसांची भाजी एकदम हवी. ती रेलिंगवर हात ठेवून बसलेली, मान हळूहळू या टोकाकडून त्या टोकाकडे नेत. किती वेळ. चष्म्यामागे काय चाललंय काही कळेना. चहा निवला. मी एकदा विचारलं. जरा वेळानं पुन्हा विचारलं, "आई, सांग ना, दिसतंय का काही?"

तिनं माझ्याकडे न बघता हात वर केला, गप्प बस म्हणून.

"थांब ना रे जरा. जग कुठे पळून चाललंय?"

मी खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसलो.